ग्रीन बेल्टमधलं शेत, नवी घरं आणि कौन्सिलचा तो फॉर्म : माझा अनुभव

आधीच सांगते, मी घरं बांधायच्या विरोधात नाहीये. इंग्लंडमधल्या आमच्या या जुन्या बाजाराच्या गावात भाडी इतकी वाढलीयेत की ओळखीतली दोन मराठी कुटुंबं मुलांच्या शाळा बदलून लांब राहायला गेली, आणि सरकारने १५ लाख घरांचं टार्गेट जाहीर केलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. पण कौन्सिलच्या नव्या लोकल प्लॅनमध्ये, म्हणजे पुढच्या वर्षांत कुठे काय बांधायचं त्या आराखड्यात, उत्तरेकडचं एक अख्खं शेत ग्रीन बेल्टमधून, म्हणजे गावाभोवती बांधकामापासून राखलेल्या मोकळ्या पट्ट्यातून, काढून घरांसाठी दाखवलं होतं. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात मध्ययुगातल्या नांगरटीचे सरी-वरंबे अजून तसेच आहेत. हिवाळ्यात ऊन तिरपं पडलं की गवतातून एकेक वरंबा उठून दिसतो, टोकाला जरासा वळलेला, कारण बैलांच्या लांबलचक जोड्या वळवायला तेवढी जागा लागायची. एकदा जेसीबी फिरला की संपलं. खालचा अर्धा भाग रस्त्याला लागून आहे, बसस्टॉप जवळ, तिथे बांधा ना घरं, लगेच बांधा.

एवढंच म्हणायचं होतं मला. प्लॅनवर लोकांची मतं मागवतात, त्याच्या पहिल्या फेरीत ऑनलाइन चार ओळी लिहून झालंही. पण शेवटची फेरी असते रेग्युलेशन १९ ची, किमान सहा आठवडे चालते, आणि त्यातली मतं पुढे सरकारने नेमलेल्या इन्स्पेक्टरकडे जातात, म्हणून तीच महत्त्वाची. आणि तिचा फॉर्म! प्लॅन कायदेशीर आहे का, 'साउंड' म्हणजे भक्कम आहे का, शेजारच्या कौन्सिलांशी सहकार्य केलंय का, असे तीन हो-नाही होते. मला सांगायचंय की या शेतात घरं कुठे हवीत आणि कुठे नकोत, त्याला रकानाच नाही. तरी नीट लिहून पाठवलं, तर ईमेल आला की हे प्लॅनमधल्या कुठल्या पॉलिसीबद्दल, म्हणजे कलमाबद्दल, आहे, कुठल्या निकषावर आहे ते लिहा आणि प्रत्येक मुद्द्याला वेगळा फॉर्म भरा. फोन केला तर पलीकडच्या बाईंनी वेबसाइटवरचीच माहिती वाचून दाखवली. मुदत संपत आलेली, घरात पोरांच्या परीक्षा, आणि मी रात्री बसून पॉलिसी नंबर शोधतेय. जी माणसं खरंच त्या गावात राहतात त्यांना बोलता येऊ नये असाच फॉर्म का बनवतात, याचा राग मला आजही येतो.

शेवटी राष्ट्रीय धोरणाचा मूळ कागदच उघडला आणि तिथे सुटलं. साउंडचे चार निकष असतात : गरज भागवण्याच्या दृष्टीने केलेला, पुराव्यावर आधारलेला, अमलात येण्यासारखा, राष्ट्रीय धोरणाला धरून. आपलं म्हणणं यातल्या एकात बसवायचं. ग्रीन बेल्टचे पाच उद्देश आहेत, त्यात ऐतिहासिक शहरांचा परिसर आणि वैशिष्ट्य जपणं हा एक, आणि ग्रीन बेल्टची सीमा बदलायला अपवादात्मक कारण दाखवावं लागतं. वरच्या भागाचा पुरावाच तपासला नाही, असं मी दुसऱ्या निकषावर लिहिलं. मग 'काय बदल हवा' या रकान्यात स्पष्ट : ग्रीन बेल्टची सीमा शेताच्या मधल्या ओढ्यापर्यंत खाली आणा, खाली घरं राहू द्या. नुसतं 'घरं नकोत' लिहिलं तर तो रकाना रिकामा राहतो, आणि इन्स्पेक्टरला तर तोच वाचायचा असतो.

हो, आणि आमच्या खिडकीतून शेत दिसतं, घराची किंमत पडेल, असलं काही लिहू नका, त्याला वजन नसतं. नाव जाहीर होतं, निनावी मत चालत नाही. नागरिकत्व मात्र लागत नाही, व्हिसावर असलात तरी प्लॅनवर मत मांडता येतं, हे आपल्या बऱ्याच लोकांना माहीतच नसतं!

इन्स्पेक्टरपुढच्या सुनावणीला यायचंय का, असं फॉर्मवर विचारतात, तिथे हो टिक करा. बदल मागणाऱ्याला बोलायचा हक्क असतो. मी गेले. टेबलाभोवती सगळे बसतात, बिल्डरचे वकील होते, पण उलटतपासणी वगैरे नसते, इन्स्पेक्टरच प्रश्न विचारतो. मी लायडारचा प्रिंट पुढे ठेवला, जमिनीचे उंचसखल भाग दाखवणारा नकाशा, एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या साइटवर फुकट मिळतो, त्यात सरी-वरंबे अगदी स्वच्छ दिसतात. काउंटीकडे पुरातत्त्वाच्या नोंदी असतात त्याही आधीच मागवून ठेवा, वेळ लागतो.

नंतर प्लॅनमधल्या बदलांची यादी आली त्यात वरचा भाग मोकळी जागा म्हणून दाखवलाय आणि खाली घरं आहेत, काही परवडणारी पण. मी ते पान दोनदा वाचलं आणि आईला पुण्याला फोन केला. त्या यादीवर परत मतं मागवतात, तेव्हा फक्त बदललेल्या भागाबद्दलच लिहा, जुने मुद्दे तिथे विचारात घेत नाहीत.