वरण-बट्टी वाढताना

उकडलेल्या बट्ट्या, म्हणजे कणकेचे गोळे, पूर्ण निवल्यावरच कापाव्यात. गरम कापल्या तर सुरीला चिकटतात, तुकडे फुटतात. तळायला मात्र ताटं मांडल्यावरच घ्याव्यात, मध्यम आचेवर. मोठ्या आचेवर वरून लाल होतात, आतून चिवट राहतात.

ताटात आधी चार-पाच तुकडे. खाणाऱ्याने ते चुरले की वर कढत तुरीचं वरण आणि मग तुपाची धार. वरण पातळच हवं, घट्ट वरणात बट्टी भिजत नाही, घास घशाशी अडतो. चुरा वरण भराभर पितो, म्हणून वरणाचं पातेलं लगेच दुसऱ्यांदा फिरवावं. घोटलेली वांग्याची भाजी बाजूला, शेजारी कांदा-लिंबू. चमच्याने बट्टी खाणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं!