शस्त्रक्रियेनंतरचे स्वयंपाकघर

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. कायद्याने सज्ञान असल्यामुळे संमतिपत्रावर सही माझीच होती; खर्चाचा मोठा भाग विम्यातून आला आणि उरलेले पैसे बाबांनी भरले. त्यामुळे घरच्यांची साथ नव्हती असे मी म्हणते, तेव्हा नातेवाइकांना तो कृतघ्नपणा वाटतो. परंतु गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरात या शस्त्रक्रियेकडे अपेंडिक्स काढल्यासारखे पाहिले गेले. पोटात काही बिघडले होते, डॉक्टरांनी ते काढले, टाके सुकले. आता मुलीने पूर्वीसारखे सगळ्यांबरोबर बसून जेवावे, इतकाच सर्वांचा समज होता. यानंतरची पथ्ये जन्मभराची असतात, हे डॉक्टरांचे म्हणणे आईने अर्धवट ऐकले आणि बाबांनी ते डॉक्टरांचे नेहमीचे बोलणे म्हणून सोडून दिले.

विशीच्या आत ही शस्त्रक्रिया झालेल्यांना लोक मनोनिग्रहाचे उपदेश फार करतात. माझ्या मते अडचण त्याहून साधी आणि अधिक चिवट आहे. घरात काय शिजते, किती वाजता वाढले जाते, गोळ्यांचे पैसे कोणाकडे मागायचे आणि तपासणीला कोणाबरोबर जायचे, यांतले काहीही त्या वयात आपल्या हातात नसते. म्हणून कोणाचीही परवानगी लागणार नाही असा दिनक्रम बसवणे, हेच मला या काळातले मुख्य काम वाटते.

माझी शस्त्रक्रिया ‘स्लीव्ह’ प्रकारची होती. तिच्यात जठराचा जवळजवळ तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग कायमचा काढून टाकतात आणि एक अरुंद नळी उरते. भूक लागल्याचा संदेश देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होत असल्यामुळे सुरुवातीला भूक फारशी लागतच नाही. ‘बायपास’ प्रकारात जठराचा एक लहानसा कप्पा तेवढा ठेवून लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळला जातो. त्यामुळे लोह, कॅल्शियम आणि बी-१२ यांचे शोषण अधिक घटते आणि गोड खाल्ल्यावर घाम, धडधड व जुलाब होण्याचा संभव वाढतो. दोन्हींत पोट भरण्याची जागा थोडी असते, आणि ती कशाने भरायची याचा निर्णय रोज करावा लागतो.

गोव्यातल्या घरात ती जागा भाताने भरते. सकाळी पेज, दुपारी शीत-कडी (भात आणि कालवण), रात्री पुन्हा भात, आणि मधल्या वेळी पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, गोल उंडा किंवा पाव. नेमके हेच दोन पदार्थ, म्हणजे मऊ भात आणि पाव, अनेकांना पहिले काही महिने सोसत नाहीत, कारण ते नळीत गोळा होऊन बसतात. घास नीट न चावता गेला की छातीच्या मधोमध काही अडकल्यासारखे वाटते, तोंडात फेसाळ लाळ जमू लागते आणि ताटावरून उठून मोरीकडे धावावे लागते. हे दोनदा पाहिल्यावर आमच्या काकीने, मुलगी मुद्दाम ओकते, असे आईच्या कानावर घातले. मी वाद घातला नाही. त्यानंतर सर्वांच्या आधी, एकटीने आणि लहान वाटीत जेवायला सुरुवात केली. आधी हुमणातला (माशांच्या कालवणातला) बांगड्याचा तुकडा काट्यांपासून सोडवून, बोटांनी कुस्करून सावकाश खायचा, मग भाजी, आणि जागा उरली तर दोन चमचे भात. जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबून घोट घोट प्यायचे आणि दिवसभरात दीड ते दोन लिटरचा हिशेब पुरा करायचा. सोलकढीसुद्धा या नियमाला अपवाद नाही, हे सांगताना मला अजून वाईट वाटते.

दिवसाला साधारण ६० ग्रॅम किंवा त्याहून थोडी अधिक प्रथिने पोटात जावीत, असे बहुतेक आहारतज्ज्ञ सांगतात. शंभर ग्रॅम बांगड्यात जवळजवळ २० ग्रॅम आणि एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात, त्यामुळे मासे खाणाऱ्या घरात हे गणित अवघड नसते. ते बिघडते पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी, बाजारात मिळते ती मासळी महाग, आणि त्याला लागूनच श्रावण, म्हणजे घरात अंडेही निषिद्ध. सुके बांगडे आणि खारवलेली मासळी प्रथिने देतात, परंतु मिठामुळे मी ते चवीपुरतेच ठेवते. या दिवसांत मी मोड आलेले मूग, चणे, अळसांदे (चवळीच्या जातीचे कडधान्य), दही आणि पनीर यांवर राहते. अळसांद्यांचे तोणाक, म्हणजे नारळाच्या वाटपाची उसळ, घरात होतेच. त्यातले दाणे काढून घेऊन नारळाचा रस बाजूला ठेवला की स्वयंपाक वेगळा करा अशी मागणी आईकडे करावी लागत नाही. वेगळे ताट मागणाऱ्या मुलीला घरात नखरेल म्हणतात. असलेल्यातून निवडून खाणारीला कोणी काही म्हणत नाही.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र तडजोड करता येत नाही. मल्टिव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आणि बी-१२ हा नेहमीचा संच असतो. कॅल्शियम दिवसाला एकूण १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नाही. सायट्रेट स्वरूपातले घ्यावे, कारण त्याला जठरातील आम्लाची गरज कमी लागते. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतल्यास कॅल्शियममुळे लोहाचे शोषण घटते, म्हणून त्यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवायचे, आणि लोहाच्या गोळीच्या मागेपुढे चहा घ्यायचा नाही. पाळी येणाऱ्या मुलींना लोहाची मात्रा अधिक लागते. अमेरिकेत किशोरवयीन रुग्णांवर झालेल्या ‘टीन-लॅब्स’ अभ्यासाचे तीन वर्षांचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत वजन सरासरी २७ टक्क्यांनी घटलेले होते, परंतु शरीरातील लोहाचा साठा ५७ टक्के मुलामुलींत कमी पडला होता. बारीक होणे आणि निरोगी होणे या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, हे मला या आकड्यांनी जितके पटवले तितके कोणाच्या उपदेशाने पटवले नाही.

या गोळ्यांना महिन्याला पैसे लागतात आणि ते दर वेळी मागणे अपमानाचे वाटते. मी शेजारच्या दोन मुलांची शिकवणी घेऊन तेवढी सोय केली. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी शस्त्रक्रियेआधीच, खर्चाच्या आकड्यात पुढील गोळ्या आणि तपासण्या धरून, घरच्यांशी बोलून घ्यावे. रक्ततपासणी पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि पुढे दर वर्षी करायची असते. सरकारी कदंब बसने एकटीने जाऊन रक्त देता येते, त्यासाठी कोणाची सोबत लागत नाही. फक्त अहवालांची फाइल स्वतःच्या कपाटात ठेवावी.

तिसऱ्या महिन्याच्या आसपास केस गळू लागतात. वजन झपाट्याने उतरल्याचा तो परिणाम असतो आणि प्रथिने व लोह नीट मिळत असल्यास काही महिन्यांत थांबतो. परंतु अंगणात केस विंचरताना कंगव्यात आलेला गुंता आजीच्या दृष्टीस पडला आणि ‘देवाने दिलेले पोट कापले की असेच व्हायचे’ हे वाक्य घरात रूढ झाले. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, तर सगळा गोतावळा मूळ घरी जमतो. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या आराशीखाली, पंगत बसली की पातोळ्या (हळदीच्या पानात उकडलेला गोड पदार्थ) आणि नेवऱ्यांचे (करंज्यांचे) ताट घेऊन कोणीतरी वाकतेच, ‘आनीक मातशें घे गो’ म्हणत. तिथे वैद्यकीय खुलासा करण्यात अर्थ नसतो. मी एक नेवरी ताटात घेते, अर्धी खाते आणि उरलेली चुलत भावाला देते. वाढणाऱ्या माणसाचा मान राहतो.

काही गोष्टी घरात बोलता येत नाहीत, म्हणून त्या डॉक्टरांशी तरी मोकळेपणाने बोलाव्यात. पाळीच्या दुखण्यासाठी सर्रास घेतली जाणारी मेफेनॅमिक ॲसिडची गोळी किंवा आयबुप्रोफेन यांनी जठरात व्रण होण्याचा धोका असतो, विशेषतः बायपासनंतर. औषधांच्या दुकानात काही न विचारता ती हातात ठेवतात. वजन उतरल्यावर अनियमित पाळी सुरळीत होऊन गर्भधारणेची शक्यता वाढते, आणि शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने ती टाळणे आवश्यक असते. मद्याचेही तसेच. कॉलेजातल्या वाढदिवसांना ते असतेच; पण या शस्त्रक्रियेनंतर ते रक्तात फार लवकर चढते आणि व्यसन लागण्याचा धोकाही वाढतो. अन्नातला विरंगुळा गेल्यावर पोकळी राहते, ती काहींना खिन्नतेकडे नेते. घरात बोलायला माणूस नसेल तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो, तो विनामूल्य आहे.

एका बाबतीत मात्र शांतपणे निभावून नेण्याची सवय धोक्याची ठरते. उलट्या दिवसभर थांबत नसतील, पाणीही टिकत नसेल, पोटात तीव्र कळ येत असेल किंवा ताप चढला असेल, तर ‘काहीतरी बाधले असेल’ या घरच्या निदानावर थांबू नये. सतत उलट्या झाल्यास बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, झपाट्याने घटते आणि चालताना तोल जाणे, दृष्टी दुहेरी होणे, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसू लागतात. उपचाराला उशीर झाला तर मेंदूची हानी कायमची राहू शकते. रुग्णालयात पोहोचल्यावर पहिले वाक्य ‘माझी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली आहे’ हेच असावे, आणि ग्लुकोजचे सलाइन लावण्याआधी थायमिन द्यायचे का, असे स्पष्ट विचारावे. घरातले कोणी गाडी काढायला तयार नसेल, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा.