बोळ आणि आंब

बरा न होणारा आजार असलेल्या माणसांच्या घरी जाऊन पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास हलका करणारी शुश्रूषा, देणाऱ्या पथकात मी परिचारिका आहे. बाहेरच्यांना वाटते तसे हे काम आजाऱ्याचा हात हातात घेऊन बसण्याचे फारसे नसते. ते मलमपट्टीचे, बद्धकोष्ठाचे आणि गोळ्यांच्या वेळा पुन्हा पुन्हा समजावण्याचे असते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावी ईस्टरआधीच्या उपवासकाळात भेटलेल्या एका बाईंना मी जे उत्तर दिले, ते मात्र अजून माझ्या मनातून जात नाही.

बाई निवृत्त शिक्षिका होत्या आणि अनेक वर्षे त्यांनी चर्चच्या संडे स्कूलमधल्या मुलांकडून बायबलमधली वचने पाठ करून घेतली होती. स्तनाच्या कर्करोगाची जखम उघडी पडली होती आणि तिच्या वासामुळे प्रार्थनेला येणाऱ्या बायका दारातूनच ‘सलाम’ करून परतत. हा वास घालवणे आमच्या हातचे असते. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवायची, मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक औषधाच्या गोळ्या खलबत्त्यात अगदी बारीक कुटून ती पूड वर भुरभुरायची, आणि पट्टी बदलताना ती ओढायची नाही, भिजवून सोडवायची, कारण अशा जखमेतून रक्त चटकन येते. सुनेने जुन्या सुती साडीचे तुकडे धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवले होते. इतकी नीट पट्टी मी मोठ्या रुग्णालयांतही क्वचितच पाहिली आहे. चौथ्या दिवशी वास बहुतेक गेला.

वेदना मात्र राहिली. जुन्या माणसांना मी विचारते, ‘रुपयातले किती आणे दुखते?’ बाई म्हणाल्या, ‘चौदा.’ आधीच्या डॉक्टरांनी ‘सवय लागेल’ म्हणून तीव्र वेदनेवरचे मॉर्फिन दिलेच नव्हते. अमली पदार्थांच्या कायद्यात 2014 साली दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना हे औषध ठेवणे सोपे झाले, तरी पुष्कळ डॉक्टरांच्या मनात जुनाच कायदा चालू आहे. आमच्या डॉक्टरांनी ते लिहून दिले, तर बाईच घेईनात.

‘सिस्टर, क्रुसावर खिळण्याआधी प्रभूला बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ केला होता. मार्काच्या शुभवर्तमानात, पंधराव्या अध्यायात आहे. त्याने तो घेतला नाही. मग मी कशी घेऊ?’ बोळ म्हणजे झाडाचा सुगंधी डिंक; तो मिसळलेला द्राक्षारस वेदना बधिर करण्यासाठी देत, असे मानतात.

विश्वास असेल तर आजार बरा होईल, असे येणाराजाणारा त्यांना सांगून गेला होता. बरे वाटले नाही की त्याचा दोष आजाऱ्याच्याच पदरी पडतो, आणि याचा मला फार राग येतो. पण बाई काही बरे होण्याचे मागत नव्हत्या. मीही ख्रिस्ती असल्यामुळे मला तो प्रश्न टाळता येईना.

‘योहानात पुढचे आहे, बाई. शेवटी “मला तहान लागली आहे” असे तो म्हणाला. कोणीतरी आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, भिजवलेला स्पंज त्याच्या ओठांशी धरला आणि ती आंब त्याने घेतली.’

‘आंब म्हणजे औषध नव्हे,’ बाई ताबडतोब म्हणाल्या.

‘नव्हे. पण मागितल्यावर दुसऱ्याने दिलेली होती.’

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग सुनेला म्हणाल्या, ‘पाणी आण गं.’

सकाळी सहापासून दर चार तासांनी एक गोळी आणि रात्री दहाला दोन, म्हणजे मध्यरात्री उठावे लागत नाही. सोबत पोट साफ होण्याची गोळी. पुढच्या खेपेला त्यांनी ‘तीन आणे’ असे सांगितले, आणि मग न विचारता म्हणाल्या, ‘दुखत होते तेव्हा मला फक्त दुखणे आठवायचे, देवसुद्धा नाही. काल स्तोत्र सबंध म्हणता आले.’ 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या माणसांसाठीचे शुश्रूषागृह, उभारणाऱ्या सिसिली साँडर्स स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होत्या. शरीर, मन, घर आणि श्रद्धा यांची दुखणी वेगळी काढता येत नाहीत, हे त्यांनी शिकवलेले मी परीक्षेत लिहिले होते. ते पाहिले या घरात. तरीही, गोळी गिळवण्यासाठी मी वचनाचा उपयोग करून घेतला का, ही शंका माझ्या मनात राहिली.

पुनरुत्थानदिनाला, म्हणजे ईस्टरला, त्या खिडकीशी उशीला टेकून बसल्या होत्या आणि भजनात चुकणाऱ्या बायकांना थांबवून शब्द सुधारत होत्या. त्यानंतर दोन आठवड्यांनी त्या गेल्या.

उरलेल्या गोळ्या मुलगा आणि सून परत घेऊन आले. मॉर्फिनचा हिशेब गोळीगोळीने ठेवावा लागतो, म्हणून आम्ही त्या दोनदा मोजल्या. एक जास्त भरत होती.

‘गुड फ्रायडेची, दुपारी दोनची,’ सून म्हणाली. ‘मी दिली होती, पण म्हणाल्या, आज एवढी राहू दे.’