ट्रकच्या हूडपासून तंबूपर्यंत

आमचं मूळ काम ताडपत्रीचं. साताऱ्यात आबांनी दुकान टाकलं तेव्हा ट्रकचे हूड, ट्रॉलीची झाकणं आणि पावसाळ्यात पडवीला लावायचं कापड, एवढंच शिवलं जायचं. दिवाळीच्या सुमारास साखर कारखाने सुरू झाले की बीडकडचे ऊसतोड कामगार कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, टाकायला ताडपत्री न्यायला यायचे. कडेला रिंगा मारून द्यायचे पैसे आबा घेत नसत. मला ते पटायचं नाही, पण ती गिऱ्हाइकं दुसऱ्या वर्षी दुसरीकडे जायची नाहीत, हेही खरं.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये हूडचं काम बसलं. निर्बंध उठल्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्या बामणोली, तापोळा, कोयनेच्या फुगवट्याकडे वळायला लागल्या आणि एक जण दुकानात येऊन विचारून गेला, "तंबू भाड्याने मिळेल का?" आम्ही चार डोम तंबू, गाद्या, शेगड्या आणल्या. आबा म्हणाले, "स्वतःचं घर सोडून माळावर झोपायचे पैसे देत्यात लोक?" देतात. फक्त दिलेली वस्तू पुरी असायला पाहिजे, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात कळलं.

एका कुटुंबाला सेट दिला आणि तंबूच्या दांड्यांची पिशवी दुकानातच राहिली. कापड गेलं, खुंट्या गेल्या, दोऱ्या गेल्या, दांड्या नाहीत. रात्री नऊला त्यांनी एका हॉटेलातून फोन केला. मी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पुढे जाईपर्यंत मुलं गाडीतच झोपली होती. भाडं परत दिलं. तेव्हापासून तंबू अंगणात एकदा उभा केल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात जात नाही, आणि उभा गिऱ्हाइकानेच करायचा. वीस मिनिटं जातात, लोक कुरकुरतात, पण आम्ही ऐकत नाही.

सामान भरायचं मात्र मी त्या ऊसतोड बायकांकडून शिकलो. दुकानासमोर त्यांची ट्रॉली लागलेली असायची. धान्याची पोती, पेट्या, अंथरुणं आधी आत जायची. ताडपत्री, तवा आणि पाण्याचा हंडा सगळ्यात शेवटी. मुक्कामाला पोचल्यावर आधी डोक्यावर छप्पर लागतं, मग चूल. आमची गिऱ्हाइकं नेमकं उलटं करायची. दुकानातून निघताना तंबू पहिला डिकीत, त्यावर सगळ्यांच्या बॅगा. पाऊस आला की अख्खा संसार चिखलात काढून ठेवायचा. आता डिकी आम्ही भरून देतो. पाण्याचा 20 लिटरचा जार म्हणजे 20 किलो, तो खाली, मागच्या सीटला टेकवून. तंबू आणि हातोडी दाराशी. हेडलॅम्प डिकीत ठेवायचाच नाही, पुढच्या कप्प्यात ठेवायचा. अंधारात बॅटरी शोधायला बॅटरी लागते.

स्टेपनीचंही तसंच. बऱ्याच छोट्या गाड्यांची स्टेपनी डिकीच्या तळाशी असते, वर सगळं सामान. म्हणून जॅक आणि पाना आधीच बाहेर काढून सीटखाली, आणि सोबत हवा भरायचा छोटा पंप. साधा पंक्चर असेल तर निदान जवळच्या गावापर्यंत निभावतं.

खुंट्यांनी आम्हाला सगळ्यात जास्त छळलं. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडचं पठार जांभ्याचं. बोटभर मातीखाली दगड, खुंटी वाकते पण आत जात नाही, आणि चक्क्या तिथे उभ्या आहेत त्या वाऱ्यासाठीच. एका गिऱ्हाइकाचा तंबू रिकामा असताना पार उताराला गेला. मग हूडच्या उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या शिवल्या. जागेवर गेल्यावर दगड भरायचे आणि दोरी त्यांना बांधायची. जाताना घडी खिशात मावते. आमच्या दुकानाची म्हणावी अशी वस्तू हीच एक. (कासच्या फुलांच्या पठारावर तंबू ठोकायचा नसतोच, ते येणाऱ्याला आम्ही आधीच सांगतो.)

शेगडीबद्दल एकच हट्ट: तंबूत पेटवायची नाही, बाहेर पाऊस असला तरी. बंद कापडात कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. स्वयंपाकाला वेगळी ताडपत्री देतो, चार दोऱ्यांसकट, बाजू उघड्या ठेवून बांधायची. तंबूखालचं प्लॅस्टिकही मुद्दाम तळापेक्षा वीतभर लहान कापतो. बाहेर राहिलं तर पावसाचं पाणी त्याच्यावर साचून अंगाखाली येतं.

जून ते ऑगस्ट भाडं बंद. ओला तंबू घडी करून आला की दोन दिवसांत बुरशी धरतो आणि साताऱ्याच्या पावसात वाळवायचा कुठे? त्या महिन्यांत मशीनवर परत हूड आणि पडवीचं कापड. रिंगांचे पैसे आता मी घेतो, ऊसतोडवाल्यांचे सोडून.