लेहमध्ये हळू चालायला शिकताना

आमच्या खोलीकडे जायला घराच्या बाहेरून चौदा पायऱ्या होत्या. पहिल्या दिवशी सकाळी विमानतळावरून आल्या आल्या पाठीवरची सॅक न उतरवता मी त्या चढून गेले आणि वरच्या कठड्याला धरून उभी राहिले. छाती धडधडत होती. घड्याळात नाडी १३८. मागचे सहा महिने दर रविवारी तीस-तीस किलोमीटर पळत होते, तेव्हाही चढावर हा आकडा गाठायला मला बराच वेळ लागायचा.

खाली अंगणात घरमालकीणबाई जर्दाळू वाळत घालत होत्या. आजूबाजूचे सगळे त्यांना 'अमा-ले' म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. लडाखीत 'अमा' म्हणजे आई आणि 'ले' म्हणजे आपला 'जी'. त्यांनी वर पाहिलं, तळहात जमिनीकडे दाबल्यासारखा हलवला आणि हिंदीत म्हणाल्या, "आराम से, बेटा." पुढच्या सतरा दिवसांत हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकले असतील!

मी आणि माझा धाकटा भाऊ खारदुंग ला चॅलेंजसाठी आलो होतो. ७२ किलोमीटरची शर्यत. खारदुंग गावातून पहाटे ३ वाजता निघायचं, ३२ किलोमीटर चढत ५३५९ मीटरवरच्या 'खारदुंग ला' या खिंडीत पोहोचायचं आणि पलीकडे ४० किलोमीटर उतरून लेहला यायचं. सुरुवातच साधारण ४००० मीटरवर होते. समुद्रसपाटीवरून आलेल्या माणसाने थेट तिथे उभं राहणंही धोक्याचं, मग पळण्याची गोष्ट दूरच.

लोक म्हणतात, वर ऑक्सिजन कमी असतो. खरं तर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे सारखंच, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. लेह ३५०० मीटरवर आहे आणि तिथला दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. खारदुंग लाच्या माथ्यावर तो अर्ध्याच्या आसपास येतो. तेवढाच मोठा श्वास घेतला तरी फुप्फुसात कमी ऑक्सिजन उतरतो. मग शरीर आधी श्वास वाढवतं. त्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं आणि ते सावरायला मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकू लागतात. पहिल्या दोन रात्री मी लघवीसाठी चार-चार वेळा उठत होते. आधी वैताग आला, मग कारण आठवलं आणि बरं वाटलं. काम सुरू झालं होतं. तांबड्या पेशी वाढवण्याची सूचनाही काही तासांत सुटते, पण त्या प्रत्यक्षात वाढायला आठवडे लागतात. पंधरा दिवसांत आपल्याला नवं रक्त मिळत नाही. मिळतो तो सरावलेला श्वास.

वेळापत्रक मी भारतीय सैन्याच्या पद्धतीवर बेतलं होतं. सैन्यात पहिल्या टप्प्याला, म्हणजे साधारण २७०० ते ३६०० मीटरच्या पट्ट्यात, सहा दिवस देतात. त्यातले पहिले दोन निव्वळ विश्रांतीचे, पुढचे दोन सपाटीवर सावकाश चालण्याचे आणि शेवटचे दोन थोड्या चढाचे. ४५०० मीटरपर्यंत जायला आणखी चार दिवस आणि त्याहून वर जायला आणखी चार. हे शिस्तीचं वेड म्हणून ठरलेलं नाही. १९६२च्या युद्धाच्या काळात मैदानातून थेट उंचीवर पोहोचवलेले कितीतरी जवान आजारी पडले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी सैनिकी डॉक्टरांनी १९२५ जवानांच्या विरळ हवेच्या आजाराचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. आज जगभर कुणीही डोंगरावर जाताना जी पथ्यं पाळतं, त्यांत त्या जवानांच्या दुखण्याचा वाटा आहे. हे वाचल्यापासून विश्रांतीचे दिवस मला 'वाया गेलेले' वाटेनासे झाले. या चौदा दिवसांवर मी आणखी तीन दिवस हाताशी जास्तीचे धरले होते. ते किती उपयोगी पडणार आहेत, हे तेव्हा माहीत नव्हतं.

पहिले दोन दिवस आम्ही खरोखर काही केलं नाही. गच्चीवर बसून समोरचा नऊ मजली लेह पॅलेस पाहत राहिलो. सतराव्या शतकात सेंगे नामग्यालच्या काळात बांधलेला हा मातकट राजवाडा डोंगरातूनच उगवल्यासारखा दिसतो. सकाळी त्याच्या भिंतींवर ऊन कसं मजल्यामजल्याने खाली उतरतं, हे मी आधी कुठे वाचलं नव्हतं. माझं डोकं थोडं जड होतं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ८६ आला. भावाचा आला ८९. तो खूश झाला.

आणि तिथेच चूक झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चांगस्पाच्या बाजूने, पाण्याच्या पाटांच्या कडेने सावकाश चालायला निघालो. शांती स्तूपाच्या पायऱ्या समोर दिसल्या आणि तो म्हणाला, "ताई, मला काहीच होत नाहीये गं. एकदा वर जाऊन येतो." पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत तिथे. तो पळत चढला, वर १९९१ मध्ये पूर्ण झालेला पांढरा स्तूप पाहून फोटो काढले आणि हसत खाली आला. मी रागावले नाही, हे आता टोचतं. मलाही वाटलं होतं की एवढा तंदुरुस्त मुलगा, त्याला काय होणार. उंची तंदुरुस्ती विचारत नाही. उलट चांगला पळणारा माणूस लवकर वर पोहोचतो आणि लवकर आजारी पडतो, कारण त्याचे पाय त्याला थांबवत नाहीत.

रात्री साडेअकराला तो उठून बसला. कपाळ दोन्ही हातांनी दाबून धरलेलं. मग उलटी. पाणीही पोटात राहीना. मला भीती वाटत होती ती दोन गोष्टींची, फुप्फुसात पाणी आणि मेंदूला सूज. मी त्याच्या छातीला कान लावला. बसल्या जागी धाप नव्हती, खोकला नव्हता. मग त्याला गच्चीवर नेलं, हेडलॅम्पच्या उजेडात फरशांच्या एका सांध्यावर उभं केलं आणि टाचेला पंजा लावून सरळ चालायला सांगितलं. तोल जाणं ही मेंदूच्या सुजेची मोठी खूण. तो दहा पावलं सरळ चालला. वर आकाशगंगा इतकी दाट होती आणि मी फक्त त्याच्या पायांकडे पाहत होते.

पहाटेपर्यंत मला झोप लागली नाही. त्याचा श्वास ऐकत होते. जोरात सात-आठ श्वास, मग अचानक काहीच नाही. मी मोजायचे. आठ, नऊ, दहा... आणि मग खोल उसासा टाकून पुन्हा सुरू. हा प्रकार उंचीवर निरोगी माणसांतही होतो. जास्तीच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड इतका कमी होतो की मेंदूकडून 'श्वास घे' हा निरोपच क्षणभर थांबतो. हे सगळं माहीत असूनही त्या थांबलेल्या दहा सेकंदांत माहितीचा काडीचा आधार वाटत नाही.

सकाळी डॉक्टरांनी तपासलं. विरळ हवेचा साधा आजार, सध्या धोका नाही, उलटीची आणि डोकेदुखीची गोळी, आणि शक्य असेल तर खाली उतरा. ॲसिटाझोलामाइड, म्हणजे ज्याला सगळे डायमॉक्स म्हणतात ती गोळी, आम्ही आधीपासून घेतली नव्हती. ती जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत आहे, मूत्रल औषधांच्या गटात. पर्यटकांना ते बघायची गरज नाही, पण शर्यतीत उतरणाऱ्याने हे आधी तपासावं. आणि डॉक्टरांनी उपचार म्हणून दिली तर शर्यत विसरून घ्यावी, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

पण लेहमधून खाली जायचं कुठे? नकाशा काढून अमा-लेंसमोर बसलो. त्यांनी सिंधूवर बोट ठेवलं आणि पश्चिमेकडे सरकवत नेलं. पाणी जिकडे जातं तिकडे. सत्तरेक किलोमीटरवरचं आल्ची सुमारे ३१०० मीटरवर आहे. चारशे मीटर कमी. ऐकायला किरकोळ वाटतं. दुपारी गाडी निम्मूजवळ आली, जिथे झंस्कार येऊन सिंधूला मिळते आणि दोन रंगांचं पाणी बराच वेळ एकमेकांत न मिसळता शेजारून वाहतं, तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला, "ताई, बिस्कीट आहे का?" मला रडू आलं.

आल्चीत आम्ही तीन रात्री राहिलो. शर्यत नसती तर आम्ही तिथे घाईघाईत तासभर थांबून पुढे गेलो असतो. लडाखमधले बरेच गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, कड्यावर असतात, आल्चीचा हा सपाट जमिनीवर, जर्दाळूच्या बागांमध्ये आहे. बाहेरून पाहून आत काय आहे याचा अंदाज येत नाही. सुमत्सेक या तीन मजली देवळात अवलोकितेश्वर, मैत्रेय आणि मंजुश्री या बोधिसत्त्वांच्या प्रचंड मातीच्या मूर्ती आहेत. त्यांची डोकी वरच्या मजल्यापर्यंत पोहोचतात, त्यामुळे दारातून आधी दिसतात ती त्यांची धोतरं. आणि त्या धोतरांवर चित्रं आहेत. अवलोकितेश्वराच्या वस्त्रावर देवळं आणि वाडे, मैत्रेयाच्या वस्त्रावर बुद्धाचं चरित्र, मंजुश्रीच्या वस्त्रावर चौऱ्याऐंशी महासिद्ध. आत फोटो काढता येत नाहीत. बरंच झालं. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, मग एकेक आकृती वर येते. भाऊ भिंतीला टेकून पाऊण तास उभा होता. आठ-नऊशे वर्षांपूर्वी कुणीतरी कुंचल्याच्या एका केसाने या रेघा ओढल्या असतील. घाईत असलेल्या माणसाचं ते काम नाही.

सातव्या दिवशी लेहला परतलो. जास्तीचे तीन दिवस संपले होते. वेळापत्रक जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा धरलं आणि या वेळी भावाला पुढे चालू दिलं नाही. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, हा नियम. ते तुटलं की चाल कमी. गांगलेस गावाकडचा रस्ता हळूहळू ओळखीचा झाला. त्यावर आधी चालणं, मग दोन मिनिटं पळणं आणि तीन मिनिटं चालणं. माझी सकाळची नाडी ८२ वरून ६४ वर आली. बोटावरचा आकडा ९२. ज्या दिवशी चौदा पायऱ्या चढून गेले आणि दार उघडेपर्यंत मला त्याची जाणीवच झाली नाही, त्या दिवशी मी परत खाली जाऊन पुन्हा चढले, खात्री करायला.

मग गाडीने खिंडीच्या वाटेवरच्या साउथ पुल्लूच्या चौकीपर्यंत, तिथून तासभर चढ चालून रात्री झोपायला परत लेहला. उंच जा आणि खाली झोप, हे सूत्र दोन-दोन दिवसांच्या अंतराने तीनदा पाळलं. तिसऱ्या खेपेला परवाना काढून थेट माथ्यावर गेलो. खारदुंग लाच्या पाटीवर कितीतरी वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. मोजणीत खिंड १७,५८२ फूट भरते. वाऱ्यात उभं राहिल्यावर त्या आठशे फुटांचं मला काही वाटलं नाही, आहे तेवढी उंची पुरेशी होती.

तिथे मी एक प्रयोग केला. शंभरातून सात वजा करत जायचं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... आणि पुढे मी थांबले. बहात्तर हे उत्तर समोर होतं, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला. पाय ठीक होते, डोकं मंद होतं. शर्यतीत इथे माझा निर्णय असाच मंद असणार. म्हणून काय खायचं, कधी जाकीट चढवायचं, कोणत्या लक्षणाला थांबायचं, हे सगळं कागदावर लिहून खिशात ठेवायचं तिथेच ठरलं. शेवटची ओळ भावाने लिहिली. 'दोघांपैकी एकाने म्हटलं तरी दोघं थांबायचं.' मग आम्ही साउथ पुल्लूच्या दिशेने चार किलोमीटर हलक्या पावलांनी पळत उतरलो. चढताना दोन पावलांना एक श्वास लागत होता, उतरताना चार पावलांना एक. त्या तालात दोघंही गप्प होतो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी निघताना अमा-लेंनी दोघांच्या खिशात सुके जर्दाळू भरले. खारदुंग गावात मातीच्या एका उबदार खोलीत आम्ही सात जण ओळीने झोपलो. मी झोपले असं नाही, पण पडून होते आणि त्याचा श्वास ऐकत होते. या वेळी तो थांबला नाही, किंवा मी मोजायचं सोडलं होतं.

पहाटे २:५० ला गावाच्या रस्त्यावर हेडलॅम्पची रांग उभी होती. कुत्री भुंकत होती, कुणाच्या तरी बाटलीवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. तीन वाजता सगळे सुटले. पुढची माणसं भराभर अंधारात शिरली, त्यांचे दिवे पहिल्या वळणावर चढताना दिसले. भावाने माझ्याकडे पाहिलं, तळहात जमिनीकडे दाबल्यासारखा हलवला, आणि आम्ही चालायला लागलो.