यॉर्कच्या मातीतल्या टकळ्या

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून रेल्वेने साधारण २ तासांत यॉर्क येतं आणि स्टेशनपासून कॉपरगेट या रस्त्यावर पायीच जाता येतं. इथे १९७६ ते १९८१ या काळात उत्खनन झालं. १९८४ साली त्याच जागी योर्विक हे व्हायकिंग संग्रहालय उघडलं. गर्दी असते ती फिरत्या गाडीतून जुनं गाव बघायला. मी गेलो टकळीच्या चकत्यांसाठी. टकळी म्हणजे हाताने सूत कातायची दांडी, आणि तिला वजन देते ती चकती.

दांडी लाकडाची, म्हणून ती बहुतेक ठिकाणी कुजते आणि चकतीच हाती लागते. कॉपरगेटची माती पाणथळ. तिच्यात हवा शिरत नाही, त्यामुळे लाकूड, चामडं, कापडसुद्धा टिकलं. चकत्या दगडाच्या, भाजलेल्या मातीच्या, शिशाच्या, हाडाच्या. हाडाच्या मला सर्वांत आवडल्या. गुरांच्या मांडीच्या हाडाचा वरचा गोळा करवतीने कापायचा आणि मधोमध भोक पाडायचं, की झाली चकती. एक बाजू मुळातच घुमटाकार, आतलं हाड सच्छिद्र, म्हणून वजनाला हलकी.

कपाटापुढे उभं राहिल्यावर आधी भोक बघा. ते बरोबर मध्यावर नसेल तर टकळी डगमगते आणि सूत कुठे जाड, कुठे बारीक येतं. दांडी टोकाकडे निमुळती असते, चकती तिच्यावर दाबून घट्ट बसवायची. भोक सैल असेल तर दांडी फिरते आणि चकती मागे राहते. अगदी अरुंद भोकाची, हलकी वस्तू दिसली तर ती मणीही असू शकते.

मग वजन. जड चकतीने बारीक धागा तुटतो. फार हलकी चकती लवकर थांबते, उलटी फिरू लागते. पीळ सुटतो, तंतू वेगळे होतात आणि टकळी खाली पडते. वजन सारखं असलं तरी रुंद चकती सावकाश पण जास्त वेळ फिरते, लहान घेराची झपाट्याने. आखूड, मऊ लोकरीला भरपूर पीळ लागतो, तिथे लहानच बरी. शिसं लहान आकारातही जड असतं, म्हणून शिशाची चकती बघताना नुसत्या आकारावरून अंदाज बांधू नये.

जवळच लोकर विंचरायच्या फण्यांचे लांब लोखंडी दात आहेत, तेही बघा. तंतू आधी एका दिशेला लावून घेतले नाहीत, तर चकती कितीही चांगली असली तरी सूत गाठाळच निघतं.