चोक गरम लागता

शिरोड्याला ऑटो इलेक्ट्रिशियनला धंद्याची कधी काळजी पडत नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मिठागरं. १९३० साली ज्या मिठासाठी इथं सत्याग्रह झाला, तेच मीठ आज माझं पोट भरतं. होल्डर, सॉकेट, फ्यूजचे पाय, जिथं तांबं उघडं असेल तिथं हिरवा काट चढतोच. म्हणून दुकानात आलेल्या गाडीची तक्रार पुरी ऐकायच्या आत माझा हात पॉलिश पेपरकडं जातो. ही सवय वाईट आहे, आणि ती किती वाईट आहे हे मला एका मारुती ८०० नं दाखवलं.

गाडी ९४ची, कार्बोरेटरवाली, एमएच ०७. मालक पोस्टातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. सकाळी गाडी एका सेल्फला उठायची. दहा-पंधरा किलोमीटर फिरून बंद केली, की पुन्हा चावी फिरवल्यावर नुसतं 'टक'. अर्धा तास थांबलं तर कधी उठायची, कधी नाही. माझ्याकडं येण्याआधी दुसरीकडं त्यांनी नवी बॅटरी घातली होती, सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, भरून घेतला होता, रिलेही बदलला होता. एवढे पैसे खर्च करून 'टक' होती तिथंच.

मी बॅटरी तपासली, १२.६ व्होल्ट. टर्मिनल स्वच्छ. निगेटिव्हची जाड केबल, म्हणजे अर्थची, गिअरबॉक्सला जाते, तिचा बोल्टही घट्ट. मीटर कंटिन्युइटीवर लावून केबलची दोन्ही टोकं धरली. पीं. खणखणीत. इग्निशन स्विचचा कॉन्टॅक्ट जरा काळा दिसला, तो साफ केला. गाडी तोवर थंड झालेली, उठली. मी खूश.

जाताना अण्णा म्हणाले, "रे झिला, एक सांगाचा रवला. सेल्फ मारताना चोक गरम लागता माका."

मला हसू आलं. चोक म्हणजे एक साधी तार, एका टोकाला ओढायची मूठ, दुसऱ्या टोकाला कार्बोरेटर. तिच्यात वीज कुठली? "अण्णानू, इंजिनाची गरमी असतली ती," म्हटलं आणि पुढच्या रिक्षाकडं वळलो.

चौथ्या दिवशी, दुपारी बाराच्या उन्हात (दसरा नुकताच झाला होता, ऑक्टोबरचा उन्हाळा पेटलेला) अण्णा गाडी घेऊन दुकानासमोर उभे. इंजिन चालूच, बंद करायला तयार नाहीत. वेंगुर्ल्याच्या बंदरावर बांगडे घ्यायला थांबले, आणि गाडी परत उठेना. चार खलाशांनी धक्का मारून सुरू करून दिली. मागच्या सीटखाली पिशवीत बांगडे, आणि अण्णांचा चेहरा असा की आरवलीच्या वेतोबाला केळीचा घड बोलून झाला असणार.

"बंद करा," म्हटलं. "बंद केलंय तर उठाची नाय." "तेच बघूचा आसा." नाराजीनं त्यांनी चावी फिरवली.

या वेळी मीटर मी व्होल्टवर ठेवला. अण्णांना सेल्फ मारायला सांगितलं. टक. बॅटरीच्या दोन टर्मिनलवर ११.९. इथंच मला खटकलं. सेल्फ खरंच जोर लावत असता, तर बॅटरी दहाच्या आसपास बसायला हवी होती. ही तर दमतच नव्हती. म्हणजे करंट वाटेत कुठं तरी अडत होता. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या खुंटावर, लाल पिन गिअरबॉक्सच्या बोल्टावर. "मारा." ५.३ व्होल्ट. एका साध्या अर्थच्या केबलवर! तिथं अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच.

तेवढ्यात आतून वास आला, प्लॅस्टिक करपल्याचा. बॉनेटखाली वाकून बघितलं तर चोकच्या तारेचं काळं कव्हर कार्बोरेटरजवळ मऊ होऊन चकाकत होतं. बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं.

इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसतात, म्हणजे बॉडीशी त्यांचा विजेचा संबंध रबर जोडून देत नाही. ते काम अर्थच्या केबलचं. ती केबल अडली की सेल्फचा करंट दुसरी वाट शोधतो: बॅटरीकडून बॉडी, बॉडीतून चोकची आणि अ‍ॅक्सिलरेटरची तार, आणि तिथून इंजिन. शंभर अँपिअरच्या घरातला करंट त्या दाभणाएवढ्या तारांतून जायचा प्रयत्न करणार. गरम होईल नाही तर काय.

मग मीटर 'पीं' का म्हणाला? त्यानं खोटं सांगितलं नव्हतं, मीच चुकीचं विचारलं होतं. कंटिन्युइटी बघताना मीटर चिमूटभर करंट सोडतो, त्याला एक धागा शाबूत असला तरी पुरतो. माझ्या मीटरच्या वायरींचाच रोध ०.२ ओहमच्या वर, केबलमधला ०.०५ ओहम त्यात कुठं दिसणार? पण त्याच ०.०५ मधून शंभर अँपिअर जाऊ पाहतात, तेव्हा पाच व्होल्ट तिथंच खर्ची पडतात. त्यातून इंजिन तापलं की रोध आणखी वाढतो.

केबल काढली. बाहेरून अगदी धडधाकट. लगपासून (टोकाला बोल्टासाठी असतो तो धातूचा डोळा) चार बोटांवर वाकवली तर रबर आतून पोकळ लागलं, पिकलेल्या चिकूसारखं. ब्लेडनं चीर दिली आणि हिरवी भुकटी टेबलावर सांडली. खारा ओलावा लगमधून शिरून केबलीच्या आत सरकत गेला होता. तांब्याच्या एवढ्या धाग्यांपैकी शाबूत किती, तर मोजून सात. अण्णांनी चष्मा वर करून ती भुकटी बोटावर घेतली.

"ह्येच्यासाठी मी नवी बॅटरी घातलंय?"

नवी जाड केबल कापली, लग दाबून बसवले, वर आतून गोंद असलेली स्लीव्ह गरम करून आवळली, म्हणजे वारा शिरायला फट नको. गिअरबॉक्सवरची आणि बॉडीवरची जागा पॉलिश पेपरनं चकाचक केली. बॉडीवर तर बोल्टाखाली रंगाचा थर तसाच होता. बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन. काही जण आधीच खाली ग्रीस चोपडतात, मला ते पटत नाही. धातूला धातू लागू दे, मग झाका. चोकची तारही नवी घातली, तिचे पैसे मी घेतले नाहीत.

अण्णा बसले, सेल्फ मारला. इंजिन असं उठलं की दुकानातला कुत्रा उठून बसला. केबलवर मीटर लावला, ०.१५ व्होल्ट. गाडी वीस मिनिटं चालू ठेवून, तापवून, पुन्हा चार वेळा बंद-चालू केली. बांगड्यांचा वास आता सीटपर्यंत आला होता, पण अण्णांना घाई नव्हती. पाचव्या वेळी त्यांनी एका हातानं चावी फिरवली आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं चोकवर धरून ठेवली.

"थंड आसा," म्हणाले. मग काच खाली करून माझ्याकडं बघत, "आता हस, मेल्या."